मोजे पीटरहेडला

आमच्या घरात मोजे पीटरहेडला राहतात,
विजेची बिलं ओलेसुनला,
आणि बटाटे, हिवाळा सरेपर्यंत, व्हीगोत.
पाहुण्यांना हे कळायला वेळ लागतो.

वादळाच्या दुसऱ्या दिवशी
बाकीचा गाव मेंढ्या मोजायला डोंगर चढतो,
मार्यून एकटी खाली उतरते, गमबूट घालून.
कुठल्या तरी जहाजावरून समुद्रानं हिसकावलेले
मासळीचे प्लॅस्टिकचे क्रेट
शेवाळातून उपसून आणते,
एक पाठीवर, एक काखेत.
आमच्या सान्डॉय बेटावर झाड औषधालाही नाही;
फळी हवी तर बोटीची वाट बघा.
समुद्र देतो ते घ्यावं, ही तिची रीत.

प्रत्येक क्रेटवर बंदराचं नाव उमटवलेलं,
खाली बारीक अक्षरात:
मालकाच्या परवानगीविना वापरणे गुन्हा आहे.
मी तिला मोठ्यांदा वाचून दाखवलं.
"मग ये म्हणावं न्यायला,"
ती म्हणाली, आणि खवले घासत राहिली.
तीनदा साबण, एकदा व्हिनेगर.
तरी धुक्याच्या दिवसात
कपाटाला हेरिंगचा वास येतोच.

चाळीस वर्षं मी फेरीबोटीच्या इंजिनाशी काढली.
तिथं भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली,
पाना जागेवर नसला की
त्याची नुसती सावली ओरडायची.
आणि घरात?
चष्मा मोरीत, कात्री लोकरीच्या ढिगात,
सापडेल तर शपथ.
मार्यून एका शब्दानं बोलली नाही.
क्रेट आणत राहिली.

बाबांचा लेयपूर मात्र अजून खुंटीवर आहे.
पाठीवर घ्यायची लाकडी पेटी ती, पट्टा कपाळावर.
पीट वाहून वाहून बाबांच्या कपाळाला
एक घडी पडली होती,
शवपेटीतही ती उलगडली नाही.
लेयपुरात काय ठेवावं, यावर आमचं वाजलं.
ती म्हणाली, वर्तमानपत्रं.
मी म्हणालो, काही नाही.
मग तो खाली काढून पुसला तेवढ्यात
मांजर आत जाऊन झोपलं.
ते उठेपर्यंत दोघांचाही राग उतरला,
आणि तो पुन्हा खुंटीवर गेला, तसाच.

धाकटा त्रोंदूर डेन्मार्कला,
हान्स्टहोल्मच्या मासळी लिलावात कामाला आहे.
जाताना दोन वर्षं म्हणाला होता.
हे सहावं.
नोव्हेंबरात त्याचा फोन:
आई, माझा करडा स्वेटर कुठंय?
जिन्याखाली न वाकताच ती बोलून गेली,
"हान्स्टहोल्मला."
पलीकडे शांतता.
मग तो म्हणाला, "नाही गं, इथं सगळीकडे बघितलं."

ती इतकी हसली, इतकी हसली
की फोन माझ्या हातात देऊन
ओट्याला धरून उभी राहिली.
बराच वेळ, माझ्याकडे पाठ करून.

हवा कशी आहे, मी विचारलं.
वारा आहे, तो म्हणाला.
म्हटलं, इथंही.

पोस्टानं पाठवू म्हणून मी स्वेटर बाहेर काढला.
तिनं माझ्या हातून घेतला,
बाह्या आत दुमडल्या, परत ठेवला,
आणि त्याच करड्या लोकरीचा
दुसरा विणायला बसली.
ख्रिसमसच्या आत तो पोचलाही.
जुना आहे तिथंच आहे.
कधी विचारलंच पोरानं,
तर तिला तेच उत्तर द्यायचं असावं.

परवाच्या वादळानंतर एक नवीन क्रेट आलाय.
उन्हानं, मिठानं नाव पार पुसलेलं;
एक अक्षर उरलंय,
तेही धड वाचता येत नाही.
मी म्हणालो, माझी हत्यारं.
ती म्हणाली, बघू.
तीन दिवस झाले, रिकामाच दारात पडलाय,
आणि येता-जाता
मलाच त्याची ठेच लागते.