वजन हातात घेऊन

बदामाचं झाड वर्षातून दोनदा
अशी काही पानं टाकतं,
जणू कुणी घर बदलतंय
आणि नको ते आमच्या अंगणात ठेवून गेलंय.
तांबडी, पंजाहून मोठी, पापडासारखी कडक.
रात्री एखादं फरशीवर पडलं
तरी मी उठून दाराची कडी बघतो.

एकोणीस वर्षं कौतिकबाईंचा खराटा
साडेसहाला सुरू व्हायचा.
खर्र, खर्र, मग पदर खोचायला एक थांबा,
मग पुन्हा खर्र.
त्या आवाजावर मी दाढीचं पाणी तापवायचो.

दिवाळीनंतर त्यांचा उजवा खांदा वर जाईना.
डॉक्टर म्हणाले, फ्रोझन शोल्डर.
बाई म्हणाल्या, "फ्रीजमधलं काय शिरलं वं ह्यात?"
दुसरी कुणी बघा, असं त्या म्हणाल्या नाहीत.
मीही म्हणालो नाही.

अंबडच्या कारखान्यात एकतीस वर्षं
मी दुसऱ्यांनी केलेलं मोजलं. व्हर्नियर लावून.
म्हणून आखीव कागदावर तक्ता केला:
वाऱ्याचा वेग, वजन, आवाज, वॉरंटी,
आणि शेवटच्या रकान्यात किंमत, पेन्सिलीनं.
तक्ता घडी करून खिशात,
बाई रिक्षात माझ्या शेजारी, इस्त्रीच्या लुगड्यात,
आणि आम्ही शालिमारला, लुंकडांच्या दुकानात.

मुलगा माझ्याशीच बोलत होता.
हा पेट्रोलचा, अंकल. पॉवर बघा.
त्यानं दोरी ओढून दाखवली. एकदा, दोनदा,
तिसऱ्यांदा ते भुंकलं
आणि कॅल्क्युलेटरखालच्या पावत्या उडाल्या.
मला शेजारच्या अमोदिनीची रात्रपाळी आठवली,
सकाळी सातला येऊन झोपणारी पोर.
बाईंनी फक्त दोरीकडं पाहिलं
आणि डाव्या हातानं उजवा खांदा धरला.

मग वायरवाला. स्वस्त.
"वायर तुळशीला गुंडाळंल," बाई म्हणाल्या.
आणि आमच्याकडं शनिवारी वीज जाते,
हे तक्त्यात नव्हतं.

शेवटी बॅटरीवाला, पिवळ्या नाकाचा.
मी विचारलं, वेग किती?
बाईंनी तो डाव्या हातात उचलला,
मेथीची जुडी तोलावी तसा,
कोपर सैल, दोनदा वर-खाली,
मग नळीचं तोंड स्वतःच्या पायाकडं करून उभ्या राहिल्या,
अंगणातच असल्यासारख्या.
"ह्यो चालंल," म्हणाल्या.
"पन पानं उडून जायची कुठं, ते कोन सांगंल ह्याला?"
मुलगा हसला.
मी तक्त्यात शोधलं. तसा रकाना नव्हता.

एक किलो आठशे ग्रॅम. बॅटरीसकट.
घरी काट्यावर टाकला: दोन किलो साठ.
सवय जात नाही.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला
त्या पायरीवर बसल्या, यंत्र माझ्या हातात.
"तुमी करा आधी. मी बगते."
मी बटण दाबलं आणि पानं
सगळ्या दिशांना पळाली, शाळा सुटल्यासारखी.
दोन अमोदिनीच्या गेटाखालून गेली.
"आवं, खालून मारा! वाऱ्याच्या अंगानं!
भिंतीकडं न्या, भिंतीकडं!"
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा
त्या माझ्यावर ओरडल्या.

मला वाटलं होतं, पानं लोटायची असतात.
तसं नसतं. आधी कडेची फिरवायची,
मग मधली आपोआप मागं येतात.
हे कुठल्याच पुस्तिकेत दिलेलं नाही.
तुळशीभोवती यंत्र आणायचं नाही,
तिथं खराटाच. तोही त्यांचाच, डाव्या हातानं.

अठरा मिनिटं चालेल, मुलगा म्हणाला होता.
चौदाव्याला ते हळूच गप्प झालं.
अचानक समोरच्या शिरीषावरचे साळुंकीचे आवाज ऐकू आले,
गंगापूर रोडवरचा पहिला हॉर्न,
आणि फरशीवर नुकतंच पडलेलं एक.

टाकीमागची राहिलीत, मी म्हणालो.
बाईंनी मान वळवून पाहिलं,
गुडघ्यावर हात टेकून उठल्या.
"राहू द्या. उद्याच्यात धरू.
च्या ठिवता का तुमी, का मी ठिवू?"