ळ कमी पडला तेव्हा

हलगेकर बाईंचं पहिलं पुस्तक
खडेबाजारात, आमच्या छापखान्यात जुळलं.
मुंगळ्याची गोष्ट, बत्तीस पानं.
मराठी खिळे तसे थोडेच आमच्याकडं,
अकराव्या पानावर ळ संपला.

म्हणालो, बाई, मुंगळ्याची मुंगी करा की.
त्या म्हणाल्या, मलाप्पा, मुंगी शहाणी असते,
शहाण्याची गोष्ट पोरं ऐकत नाहीत.
मग चार पानं छापायची, खिळे सोडवायचे,
तेच ळ धुऊन पुढच्या चारांत.

घरी आमच्या कन्नड.
मराठी मी बाईंच्या गोष्टी जुळवत शिकलो,
उलटी, आरशातली.

पुढं पुस्तकं अठरा झाली.
शाळा खानापुरात, बस सकाळी सहाची,
लिहिणं बशीतच.
खड्डा कुठं आला ते अक्षरावरून कळायचं.
मोठ्या पोरांसाठी कादंबरी एकच:
लोंढ्याला गाडी चुकलेली मुलगी.
पालकांनी तक्रार केली
आणि पोरींनी पत्रं धाडली, पोतंभर.

एकदा पुण्याहून बक्षिसाचं पाकीट निघालं होतं म्हणे.
पत्त्यात गावाचं नाव जुनं होतं की नवं, कुणास ठाऊक.
पोचलंच नाही.
बाई हसल्या. मी नाही हसलो.

आता तिथं झेरॉक्स आहे.
खिळे मोडीत गेले,
ळ तेवढे ठेवलेत मी, काड्यापेटीत. सात.

परवा नातवाला, इराण्णाला, मुंगळा वाचून दाखवला.
कन्नड शाळेतलं पोर, निम्मं कळलं असेल.
मुंगळा गुळाच्या ढेपेत रुतला,
तिथं मुद्दाम थांबलो.

"आमेले?" तो म्हणाला,
"अज्जा, आमेले?"

पान उलटलं.
अकरावं.