उलटा ण

वागळे इस्टेटच्या ओतशाळेत
वाळूच्या साच्यात अक्षरं उलटी कोरायची,
तेव्हा कुठे बिडावर सुलटी उठायची.
एकदाच चुकलो, शेगडीच्या दारावर:
‘ठाणे’तला ण.
हेगिष्टे मिस्त्रींनी अर्धा रोज कापला.
शेगडी गेली कुणाच्या तरी चाळीत, लाकडं खात.

आता घोडबंदरला वॉचमन आहे.
काल तेविसाव्या मजल्यावर पार्सल घेऊन गेलो
तर गॅलरीत तीच,
अंगभर तेल चोपडून काळीभोर.
“अँटिक आहे,” बाई म्हणाल्या, “हे अक्षर पाहिलंत?
त्याचेच तर जास्त मोजले.”
दोन ओंडके टाकतात म्हणे डिसेंबरात, पाहुणे आले की.
राखेच्या कप्प्यात मोबाइलचे चार्जर.

ण वरून बोट फिरवलं.
गार.

खाली येऊन रजिस्टरात वेळ लिहिली
आणि अर्धा रोज
मनातल्या मनात जमा.