नमुना सतरा

खलफाननं त्याला बिळातून काढलं तेव्हा
सकाळचे सहा वाजले होते.
अल ऐनचं पूर्वेचं टोक, पन्नास पावलांवर कुंपण,
कुंपणापलीकडे बुरैमी, म्हणजे ओमान.
तो राखाडी होता, थंडगार, अर्धवट जागा.
दहापर्यंत उन्हात ठेवला असता
तर हळदीसारखा पिवळा झाला असता.
तेवढा वेळ आमच्याकडे नव्हता.

शेपटीच्या मुळाशी सुई. एक थेंब.
एक पुरतो.
आपल्या तांबड्या पेशी पिकता पिकता
केंद्रक टाकून देतात, ओझं नको म्हणून.
ह्याच्या टाकत नाहीत.
ह्याच्या रक्ताचा कण न् कण
अख्खी पोथी काखोटीला मारून हिंडतो.
(माझंही रक्त काढतात इथे, दर दोन वर्षांनी,
व्हिसासाठी.
त्यात वाचण्यासारखं फार नसतं.
फिट, एवढंच लिहून येतं.)

इथे त्याला धब्ब म्हणतात.
मी पहिल्यांदा ऐकलं ते ढब.
मावशी म्हणायची ना,
चालायची काही ढब आहे का ह्या पोरीला!
ह्याला आहे.
कोपरं बाहेर, पोट उचललेलं,
तापल्या तव्यावरून जावं तशी.
आणि नाकपुड्यांना मिठाची पांढरी कड,
शिंकून टाकलेलं मीठ,
तहानेचा हिशेब चुकता केल्यासारखं.

मिरजेच्या बाजारात ह्याचे भाऊबंद पाहिलेत मी.
सांडे. फडक्यावर ओळीनं मांडलेले,
कणे मोडलेले, म्हणून पळत नव्हते.
शेजारी स्टोव्ह, कढई, तेलाच्या बाटल्या,
आणि गुडघेदुखीवर बोलणारा एक घोगरा माणूस.
त्यातल्या एकानं माझ्याकडे पाहून पापणी मिटली.
मी नऊ वर्षांची होते.
अर्जात विचारलं होतं, हीच प्रजाती का?
मी लिहिलं: उष्णता, क्षारग्रंथी, अनुकूलन.

त्याला त्याच सकाळी त्याच बिळाशी सोडला.
थेंब मात्र यंत्रात गेला.
एक भोक, डोळ्यांना न दिसणारं,
त्यातून धागा सरकतो, वीज किंचित थरथरते,
आणि त्या थरथरीला अक्षरं फुटतात:
ए, टी, टी, जी, सी, ए...
घरच्या पंचांगात एक पान होतं,
पाल कुठे पडली तर काय फळ.
डोक्यावर पडली तर अमुक, पायावर पडली तर प्रवास.
आम्ही हसायचो.
आता मी पगार घेऊन
सरपटणाऱ्याचा शकुन वाचते,
भविष्याचा नव्हे, मागचा.

सगळं लागत नाही.
एकच ओळ चारशे वेळा येते,
कुठली आधीची, कुठली नंतरची, कळत नाही.
जिथे कळत नाही तिथे एन लिहायचा.
थुरैया मॅडम म्हणतात,
अंदाजानं अक्षर घालाल तर घरी पाठवीन.
घरी म्हणजे मिरजेला.

ऑक्टोबरात निकाल आला.
सतरा कुंपणाच्या अलीकडचा,
एकतीस पलीकडचा, महदाच्या वाटेवरचा.
सख्खे नसतील, पण चुलत नक्की.
मी खलफानला पडदा दाखवला.
त्याचं आजोळ बुरैमीत.
लहानपणी दुपारचं जेवण झालं
की चालत जायचा, खजूर खायला.
आता गाडी, रांग, पासपोर्ट, शिक्का.
तो बराच वेळ रेघा बघत राहिला. मग म्हणाला,
म्हणजे ह्यांना कुणी सांगितलंच नाही?

शुक्रवारी आम्ही तिथे गेलो. काही काम नव्हतं.
सरड्याची धाव कुंपणापर्यंत,
असं मी त्याला मोडक्या अरबीत सांगितलं.
त्याला म्हण कळली नाही, किंवा पटली नाही.
धब्ब कुठेच नव्हता.
वाळूवर शेपटीनं ओढलेली एक रेघ होती,
दोन्ही बाजूंना पावलांची टिंबं,
सरळ तारेखालून गेलेली.
परत आलेली दिसली नाही.
आला नसेल, किंवा वाऱ्यानं पुसली असेल.
तिथे मी एन लिहिला.