अठरा मोहफुलं

मोहटोल्याच्या तलावावर मी काटा धरतो.
सोसायटीचा काटा. रोहू, कतला, मरळ,
थंडीत शिंगाडा.
सगळ्यात लहान वजन पन्नास ग्रॅमचं,
त्याहून हलकं आमच्याकडे काही विकलं जात नाही.

चैतातल्या एका सकाळी इंद्रकलाबाईच्या जाळ्यात
टिलवा आला.
तिनं केसातली पिन काढली,
एकेक फास सोडवला, शिव्या देत,
जाळ्याला की पाखराला, कळलं नाही.
मग म्हणाली, "तोल ना गा याले."

पन्नासचं ठेवलं. पाखराचं पारडं वरच.
तिनं ओटीतली मोहफुलं काढली, पहाटे वेचलेली.
पळसपानाची पुडी इकडे, आत पाखरू, चोच तेवढी बाहेर;
रिकामी पुडी तिकडे. हिशेब तो हिशेब.
पंधरा. सोळा. सतराव्याला काटा हलला,
अठराव्याला मध्ये आला
आणि थरथरत राहिला,
पुडीतलं काळीज थांबत नव्हतं म्हणून.

रोजमेळात लिहिलं: टिलवा, नग एक, अठरा मोहफुलं.
दराचा रकाना कोरा.

कार्तिकापासून पाहतो मी यांना.
पाणी उतरतं, गाद उघडी पडते,
ओल्या कडेनं ही धावत असतात,
सुपातले खडे टिपावेत तसं
टिप टिप टिप, मान वर नाही.
त्यांचं शेत रोज दोन हात सरकतं,
तलाठ्याची साखळी तिथं पुरायची नाही.
चांदण्यातही चरतात.
दुपारी एका पायावर झोप, एक डोळा उघडा;
भोवत्याची सावली पडली
की अख्खा थवा वळतो, पांढरा होतो,
परत वळतो, गादीचा रंग होऊन जातो.

मडावी मास्तरांनी शाळेतला पृथ्वीगोल आणला.
मोहटोला त्यात नाही. अंदाजानं बोट ठेवलं,
एक वीत, वर चार बोटं.
तिथं रंग उडालेला, जवळच गोलाचा खिळा.
"इथं अंडी घालतात. उन्हाळाभर दिवस मावळत नाही."
इंद्रकलाबाई म्हणाली, "मंग झोपते कवा?"
ते मास्तरांना माहीत नव्हतं.

पुडी उघडली. पाखरू लगेच उडालं नाही.
गादीवर उभं राहून पिसं नीट केली,
पाठीवर तांबूस चढू लागलं होतं,
आणि खायला लागलं.
एवढ्या लांब जायचं, आणि आमच्यापायी
सकाळची न्याहारी बुडालेली.

वैशाखात एका संध्याकाळी कड रिकामी.
चिखलात तीन-तीन बोटांच्या खुणा,
दुसऱ्या दिवशी उन्हानं तडकल्या.

ऑडिटरनं त्या ओळीला लाल गोल केला.
"हे जमा धरू की नावे?"
"परत केलं, साहेब."
"पावती?"

आश्विनात नवी पोरं येतात.
आईबाप आधीच निघालेले, ही मागून, आपापली.
वाटाड्या नाही. पत्ता नाही.
त्या एक वीत चार बोटांत
मोहटोल्याचं नाव कुणी घेतलेलं नसतं.
भरल्या तलावाला कड थोडीच, गुरं उतरतात तेवढी.
यंदा अकरा उतरली तिथं.
पहिल्यांदा पाहत होती ही गाद
आणि पाय टेकल्यापासून टिपत होती.

इंद्रकलाबाईनं त्या बाजूचं जाळं काढलं,
पल्याड टाकलं.
का म्हणून विचारलं, तर म्हणे, "तिकडं मरळ हाये."
तिकडं मरळ नाही.
मी काटा धरतो, मला माहीत आहे.