कलम अकरा

कसबा बावड्यात कोर्टाबाहेर
माझं टायपिंगचं टेबल. पानाला तीस रुपये.

‘गरोदर राहिल्यास नोकरी आपोआप संपेल’
ही ओळ माझ्याच बोटांची,
उद्यमनगरच्या कारखान्यासाठी.
खाली जैबुन शिकलगारची सही,
‘राजीखुशीने’ हेही मीच टाइप केलेलं.

आज ती निकाल घेऊन बाहेर आली,
कडेवर दीड वर्षाचं पोर.
वकीलबाई सांगत होत्या,
करार दोघांतलाच असतो,
पण टेबलाशी तिसरं कुणीतरी
न बोलता बसलेलं असतं.

जैबुन हसली,
‘अकरा तेवढं गळालं बगा,
पगाराचं ऱ्हायलं की.’

संध्याकाळी जुना नमुना काढला,
अकरा खोडलं.
आता बाराला अकरा करावं
की जागा तशीच मोकळी ठेवावी,
चहा निवला तरी
ठरत नाही.