एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट

विश्रामबागेतल्या आमच्या दोन खोल्यांत
राउटर कपाटावर बसतो.
त्याच्या अंगावरचं प्लास्टिक मी अजून सोललेलं नाही.
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक,
आणि पुढं ज्याचा त्याचा आकडा:
प्रिंटर चार, आईचा टॅब सात, मी अकरा.
एवढ्या पत्त्यात आमचं सगळं घर मावतं.
फायरवॉलला मीच सांगून ठेवलं होतं,
या पत्त्याचं कुणीही आलं तर कडी काढ,
कोण, कुठलं, विचारत बसू नकोस.
तीन वर्षं तिनं ऐकलं.

महिन्यातले आठ-दहा दिवस मी दुसऱ्यांचे हिशेब तपासत फिरते.
विट्याची पतसंस्था, पलूसचा दूधसंघ,
आणि मंगळवारी तासगाव.
तिथल्या कोल्ड स्टोरेजचं ऑफिस पोटमाळ्यावर.
खाली पंधरा-पंधरा किलोची खोकी,
हिरवा, पिवळा, काळा बेदाणा
चार अंशांवर झोपलेला,
आणि गंधकाचा वास
जिना चढून वर येतो, खुर्ची न विचारता.

भूपाल चौगुल्यांनी वायफायचा पासवर्ड सांगितला
खालच्या हमालांनाही कळेल अशा आवाजात,
"मालकांच्या नातीचं नाव, म्होरं एक दोन तीन."
जोडला.
लॅपटॉप काहीच बोलला नाही.
मला उगाच बरं वाटलं,
सकाळी सकाळी कुणी चौकशी केली नाही म्हणून.

अकराच्या सुमारास चौगुले चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
"मॅडम, आमच्या पडद्यावर
'आईच्या गोळ्या' म्हणून कायतरी दिसालंय.
तुमचं हाय का बघा."

कानशिलं तापली.
इथलाही पत्ता तोच.
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक.
कारखान्यातून निघताना प्रत्येक राउटर
हेच कपाळावर लिहून निघतो.
गावोगाव वेशीवर मारुती असतो,
म्हणून काय प्रत्येक वेस आपली?
पण हे तिला कोण सांगणार.
तिनं आकडा पाहिला, आकडा बरोबर होता.
मीही तेच करते की,
बेरीज जुळली की सही.

त्या फोल्डरात गोळ्यांची यादी, साखरेचे आकडे,
आणि दुसरी एक शीट:
भावानं कबूल केलेले / भावानं दिलेले.
पहिला रकाना भरगच्च.
दुसऱ्यात एक हजार एक, तेही दिवाळीचे.
ऑडिटरची भाऊबीज.

"उघडलं न्हाई मी," चौगुले म्हणाले,
आणि मी मान हलवून व्हाउचरांत शिरले.
सेटिंग बदललं. सार्वजनिक.
वाटणं बंद. प्रिंटर बंद.
जुना आदेश मुळापासून पुसला.
आता कुणी कुणाला दिसत नव्हतं,
टेबल मात्र एकच होतं.

चार वाजता चहा.
बशीत ओतून घेत, माझ्याकडे न बघता,
"ती रात्रीची पांढरी गोळी.
आमच्या मंडळींनापण तीच होती.
उपाशीपोटी देऊ नगा. चक्कर येती."
मग पुन्हा खाली खोकी मोजायला गेले.
त्यांच्या 'होती'वर
मी काही विचारलं नाही.
दुसऱ्या शीटवर त्यांनीही नाही.

स्टॉक रजिस्टरात बारा खोक्यांचा फरक होता.
तो मी लिहिला. लिहावाच लागतो.

रात्री घरी लॅपटॉप उघडला तर
कोऱ्या चेहऱ्यानं विचारतोय,
हे नेटवर्क ओळखीचं आहे का?
कपाटावरचा राउटर हिरवा डोळा मिचकावतोय.
पलीकडच्या खोलीत टॅबवर आईची मालिका अडकलेली,
"अगं, गोल गोल फिरतंय नुसतं."

थांब म्हटलं.
आधी दोन घास भात कालवला,
मग गोळी.
प्रश्न अजून पडद्यावर तसाच आहे.